जुन्या भिंतीचा खालचा गिलावा वारंवार का पडतो, आणि त्यावर काय करावं

जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, कधी कमरेपर्यंत गिलावा फुगतो. रंगाचे पोपडे सुटतात, मागे पांढरा खार दिसतो, बोट लावलं की भुगा गळतो. मग गवंडी येतो, सगळं ठोकून काढतो, सिमेंटचा दणकट गिलावा करतो आणि त्यात ओल अडवणारा एखादा द्रव मिसळतो. वर्ष-दोन वर्षं भिंत कोरडी दिसते. त्यानंतर ओलीची रेषा पुन्हा उमटते, आणि या वेळी ती नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेपाशी असते. पुढच्या दुरुस्तीत गिलावा आणखी वर न्यावा लागतो. काही घरांत हा खेळ छताजवळ पोहोचलेला मी पाहिला आहे.

तुमचं घर चुन्यात किंवा मातीत बांधलेलं असेल, भिंती जाड असतील आणि बांधकाम सिमेंट सर्रास वापरात येण्याआधीचं असेल, तर दोष बहुधा गवंड्याच्या हाताचा किंवा मालाच्या दर्जाचा नसतो. त्या भिंतीला तो माल चालतच नाही. पोर्टलंड सिमेंटचं पहिलं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं, पण साध्या घरांच्या भिंतींपर्यंत सिमेंट पोहोचायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधीच्या भिंती पाण्याशी वेगळ्या रीतीने वागतात. ती रीत कळल्याशिवाय कुठलाही उपाय टिकत नाही.

भिंतीत नेमकं काय चालतं

आजची भिंत पाणी बाहेरच अडवते. पायाच्या वर ओलरोधक थर असतो, बाहेरून घट्ट गिलावा असतो. जुन्या भिंतीत असा थर नसतो. ती पाणी आत घेते आणि परत सोडते. जमिनीतली ओल विटांच्या, दगडांच्या आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढते, चुन्याच्या गिलाव्यातून पृष्ठभागावर येते आणि हवेत उडून जाते. ओल किती उंच चढणार हे दोन गोष्टींवर ठरतं: खालून किती पाणी येतं आणि बाजूने किती उडतं. उघड्या श्वासाच्या भिंतीत ही रेषा सहसा मीटर-सव्वा मीटरच्या आसपास किंवा तिच्याही खाली थांबते.

आता खालच्या मीटरभर भागावर सिमेंटचा लेप चढवला की काय होतं? येणारं पाणी तेवढंच राहतं, उडण्याची वाट मात्र बंद होते. मग मोकळा पृष्ठभाग सापडेपर्यंत पाणी वर चढत राहतं. ओल दरवेळी हातभर वर दिसते ती यामुळे.

गिलावा प्रत्यक्षात पाडतात ते क्षार. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट विरघळलेली असतात, आणि सिमेंट स्वतःही विरघळणारे क्षार घेऊन येतं. पाणी उडतं, क्षार मागे राहून स्फटिक होतात. हे स्फटिक छिद्रांत वाढताना भोवतालच्या मालावर जबर दाब टाकतात. पाणी पृष्ठभागावर उडत असेल तर क्षारही तिथेच बसतात आणि कुंच्याने झाडता येतात. पण कठीण गिलाव्याच्या मागे ओल अडली, तर स्फटिक वीट आणि गिलावा यांच्या मध्ये तयार होतात. मग गिलावा ढलपीसारखा सुटतो आणि बरोबर विटेचा चेहराही उखडून आणतो. पडलेल्या सिमेंटच्या तुकड्यामागे विटेचा लाल पापुद्रा चिकटलेला असेल, तर समजा की गिलावा भिंतीपेक्षा कडक आहे.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: बाहेरचा थर आतल्या भिंतीपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र हवा. झीज व्हायचीच असेल तर ती गिलाव्याची व्हावी. गिलावा पुन्हा करता येतो, शंभर वर्षांची वीट परत मिळत नाही.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा

खालची ओल दिसली की सगळे लगेच ‘जमिनीतून येते’ म्हणतात. खूपदा ते खरं नसतं. छिन्नी हातात घेण्याआधी काही आठवडे नुसतं बघण्यात घालवा.

भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा. पन्हळ कुठे तुंबते, कुठला सांधा गळतो, पागोळ्या पडून जोत्यावर कुठे शिंतोडे उडतात, हे कोरड्या दिवशी कळत नाही. भिंतीच्या एकाच उभ्या पट्ट्यात ओल असेल आणि तिच्या वर पन्हळीचा सांधा किंवा नळकांडं असेल, तर तुमचं अर्धं काम तिथेच झालं. १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये कवी-कलाकार विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हाच्या जाहीरनाम्यातही रोजच्या काळजीने पडझड थोपवण्यावर आणि गळकं छप्पर वेळेवर दुरुस्त करण्यावर भर होता. पन्हळ साफ करण्याइतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित उपाय दुसरा नाही.

नळाची गळती पारखायची तर ओलीची कड पेन्सिलने आखून तारीख लिहा. पाऊस असो-नसो, ती सतत तशीच राहत असेल तर जवळच्या पाइपांवर संशय घ्या. रात्री सगळे नळ बंद असताना पाण्याचं मीटर फिरत असेल तर शंका उरत नाही.

हवेतली वाफ भिंतीवर जमणं हे तिसरं कारण. २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेली हवा साधारण १७ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिच्यातून पाणी सुटतं. ओली भिंत कोरडीपेक्षा थंड असते, त्यामुळे आधीच ओल असलेल्या जागी हेही पाणी भर घालतं. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा वीतभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि काही दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला दव आलं तर ती हवेतली वाफ, मागच्या बाजूला आलं तर ओल भिंतीतून येते आहे. कपाट भिंतीला टेकवलेलं असेल तर आधी ते वीतभर पुढे ओढा. कधी कधी तेवढंच पुरतं.

आणि जमीन. इथे मात्र थांबून नीट बघायला हवं, कारण जुन्या घरांत खरा बदल इथे झालेला असतो. घर बांधलं तेव्हा बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरीच खाली होती. मग कुणी अंगण फरसबंद केलं, कुणी त्यावर काँक्रीट ओतलं, कुणी भिंतीलगत माती चढवून झाडं लावली. थरावर थर बसत गेले आणि बाहेरची पातळी आतल्या फरशीच्या बरोबरीला, क्वचित वरही आली. जोत्याचे दगड, जे कोरडे होण्यासाठी उघडे ठेवले होते, ते मातीखाली गेले. आतही तसंच. जुनी फरशी माती-चुन्यावर बसवलेली असे आणि जमिनीतली थोडी वाफ तिच्या सांध्यांतून निघून जात असे. ती काढून खाली प्लास्टिकचा कागद आणि वर काँक्रीट टाकलं की तीच ओल कडेला सरकते आणि भिंतीत शिरते. ‘घर शंभर वर्षं कोरडं होतं आणि आताच ओल कशी आली?’ असं कुणी विचारलं तर मी प्रथम विचारतो, फरशी कधी बदलली?

एक इशारा ओल मोजणाऱ्या यंत्राबद्दल. दोन सुयांचं ते यंत्र पाणी मोजत नाही, वीज किती सहज वाहते ते मोजतं. खारावलेली भिंत जवळजवळ कोरडी असली तरी त्याचा आकडा वर जातो. लाकडासाठी ते उपयोगी आहे. भिंतीसाठी खरी परीक्षा अशी: वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर हळू फिरणाऱ्या ड्रिलने भुकटी काढा, वजन करा, भट्टीत सुकवून पुन्हा वजन करा. भिंतीच्या गाभ्यात तळाशी सर्वांत जास्त ओल आणि वर जाताना कमी होत असेल तर ती जमिनीतली. पृष्ठभाग ओला आणि गाभा कोरडा असेल तर दोष हवेचा किंवा क्षारांचा. काही क्षार हवेतलं पाणी स्वतःच ओढतात. साधं मीठ ७५ टक्क्यांपुढच्या आर्द्रतेत विरघळू लागतं, काही नायट्रेट तर त्याहून कमी आर्द्रतेतही. म्हणून पाऊस नसतानाही दमट दिवशी जुने डाग पुन्हा काळपट दिसतात. तिथे नवं पाणी आलेलं नसतं.

पाण्याचा बंदोबस्त

पन्हळी आणि नळ दुरुस्त करा. बाहेरची चढलेली माती व काँक्रीट भिंतीलगत काढून पातळी आतल्या फरशीच्या किमान १५० मिलिमीटर खाली आणा आणि उतार भिंतीपासून दूर द्या. काँक्रीट सगळं काढणं शक्य नसेल तर निदान भिंतीलगतची हातभर रुंदीची पट्टी कापून तिथे जाड खडी भरा. पट्टीतलं पाणी पुढे जायला वाट हवी. वाट नसलेला खडीचा चर म्हणजे पायाशी बांधलेलं तळं. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, त्यामुळे पायाच्या तळापर्यंत खोदू नका.

भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. एकसंध, सलग सांध्यांच्या विटेच्या भिंतीत तो काही प्रमाणात काम करतो. पण जुन्या जाड भिंतीच्या पोटात दगडगोटे, माती आणि पोकळ्या असतात. रसायन त्यात कुठे गेलं हे कुणी सांगू शकत नाही. शिवाय या कामासोबत खालचा गिलावा हटवून घट्ट सिमेंटचा गिलावा करून देतात. भिंत कोरडी दिसते ती अनेकदा त्या गिलाव्यामुळे, आणि तो काय करतो ते वर सांगितलंच आहे. पन्हळ, जमीन आणि गिलावा सुधारून दोन पावसाळे पाहिल्याशिवाय या खर्चात पडू नये, असं माझं ठाम मत आहे.

सिमेंट काढणं

आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघा. हलका हातोडा आणि रुंद छिन्नी घ्या, पोकळ आवाज येतो तिथून सुरुवात करा आणि छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरा. यंत्राचा हातोडा नको. गिलावा विटांचे चेहरे घेऊनच निघत असेल तर थांबा. घट्ट चिकटलेला आणि मागे कोरडा असलेला भाग तसाच सोडणं भिंतीच्या हिताचं असतं, डोळ्याला कितीही खटकलं तरी. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, मास्क लावा आणि मुलांना दूर ठेवा.

ओलीच्या रेषेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत गिलावा काढा. दर्जा, म्हणजे विटा-दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरलेल्या असतील तर त्याही मोकळ्या करा, सांध्याच्या रुंदीच्या दुपटीइतक्या खोल. उघड्या भिंतीवरचा खार कोरड्या कुंच्याने झाडा. पाण्याने धुतलात तर तोच खार विरघळून पुन्हा आत जातो. झाडलेली भुकटी गोळा करून दूर टाका. पायाशी पडू दिली तर पुढच्या पावसात ती परत भिंतीत चढेल.

यानंतर भिंत सुकू द्यायची. ढोबळ हिशेब असा की २५ मिलिमीटर जाडीला एक महिना. म्हणजे ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. इतकी वाट बहुतेकांना शक्य नसते, आणि चुन्याच्या कामात भिंत पूर्ण कोरडी असण्याची गरजही नसते. पण काही महिने ती उघडी ठेवता आली, खिडक्या उघड्या राहिल्या आणि अधूनमधून खार झाडत राहिलात, तर पुढचं सगळं काम सोपं होतं. या काळात जोरदार हीटर लावून भिंत सुकवू नका. पृष्ठभाग झपाट्याने सुकला की क्षार आतच अडकतात.

चुन्याचा गिलावा

भिंत चुन्याचीच आहे का हे खात्रीने ठरवा. सांध्यातला माल खिळ्याने सहज कोरता येत असेल, भुरकट पडत असेल आणि त्यात पांढरे चुन्याचे खडे दिसत असतील तर चुना. व्हिनेगर टाकून फेस बघण्याची युक्ती भरवशाची नाही, कारण जुनं सिमेंटही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून फेसाळतं. सांधा मातीचा असेल, किंवा भिंतच मातीची असेल, तर पुढचं प्रमाण विसरा आणि मातीचाच गिलावा करा. मातीच्या भिंतीवरचं सिमेंट नुसतं पोपडे देत नाही. त्याच्या आड तळाची माती भिजून मऊ होते आणि भिंत बसते.

चुना दोन तऱ्हेचा. एक हवेत घट्ट होणारा, म्हणजे भिजवून मुरवलेला. दुसरा पाण्यातही घट्ट होणारा. हा गुण चुनखडीतल्या चिकणमातीमुळे येतो, हे इंग्लिश इंजिनियर जॉन स्मीटनने १७५६ च्या सुमारास एडिस्टन दीपस्तंभाच्या तयारीत ओळखलं. दुसऱ्या प्रकाराच्या गोण्यांवर २, ३.५, ५ असे ताकदीचे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असं समजून ५ घेऊ नका. मऊ विटेला २ किंवा साधा मुरवलेला चुनाच बरा. दुकानात मिळणारी साध्या भिजवलेल्या चुन्याची कोरडी पूड यांपैकी पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्यात मोडत नाही. दोन्ही गोण्या शेजारी ठेवल्या तर गफलत होते, म्हणून नाव नीट वाचा.

मुरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, मापाने. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये साधारण एक तृतीयांश पोकळी असते आणि चुना ती भरतो, हे त्या प्रमाणाचं कारण. वाळू धुतलेली, टोकदार आणि लहान-मोठ्या कणांची हवी. समुद्राची वाळू अजिबात नको. ओलसर जागी लवकर घट्ट व्हावं म्हणून वाळूचा काही भाग कमी करून तिथे विटेची सुरखी, म्हणजे भुकटी, घाला. मंद आचेवर भाजलेल्या विटेची सुरखी चुन्याशी चांगली जुळते, रोमन बांधकामात हेच केलं जाई. ‘पकड येण्यासाठी चिमूटभर सिमेंट’ ही सवय सोडा. थोडं सिमेंट मिसळलेला चुना टिकाऊपणात निव्वळ चुन्यापेक्षाही कमी भरतो.

कळीचा, म्हणजे भाजलेला पण अजून न भिजवलेला चुना घरी विरवणार असाल तर चुना पाण्यात टाका, पाणी चुन्यावर ओतू नका. मिश्रण उकळतं आणि उडतं. चष्मा, हातमोजे आणि जवळ स्वच्छ पाणी ठेवा. डोळ्यात गेलेला चुना क्षणभरही न थांबता धुवावा लागतो. विरवलेला चुना तीन महिने तरी मुरू द्या, किंवा मुरलेलाच आणा.

भिंत भिजवून, पाणी मुरल्यावर, साधारण १० मिलिमीटरचा पहिला थर द्या. अंगठ्याने दाबला तर खळगा पडत नाही पण नखाचा ओरखडा उठतो, तेव्हा पुढचा. मधल्या काळात बारीक भेगा पडतील. ओलसर असतानाच लाकडी रंध्याने दाबून मिटवा. पोलादी थापीने गुळगुळीत करू नका, त्याने पृष्ठभाग बंद होतो. ऊन आणि वारा लागू नये म्हणून ओलं गोणपाट टांगा. ५ अंशांखाली हे काम करूच नका. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, आणि त्यासाठी त्याला थोडी ओल लागते. झटकन सुकलेला चुना कच्चाच राहतो. आत किती घट्ट झाला हे बघायचं तर फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब ताज्या तुटलेल्या कडेवर टाका, कच्चा भाग गुलाबी होतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती घरमालकाला आधीच सांगायला हवी. खूप खारावलेल्या भिंतीवरचा पहिला चुन्याचा गिलावा टिकण्यासाठी नसतो. जखमेवरची पट्टी बदलावी तसा तो बदलायचा असतो. वर्ष-दोन वर्षांत तो क्षार शोषून घेईल आणि भुसभुशीत होईल, मग काढून दुसरा करायचा. त्याचं झिजणं म्हणजे भिंतीतला खार बाहेर आल्याचा पुरावा.

वर रंग चुन्याचाच, पातळ, चार-पाच हात. ओला असताना तो जवळजवळ दिसतही नाही, सुकल्यावर पांढरा होतो. दिसत नाही म्हणून दाट करून लावला की पुढे तो पावडर होऊन हाताला लागतो. सिलिकेटचा रंगही चालतो. प्लास्टिक इमल्शन, तैलरंग, टाइल्स, सिलिकॉनचा लेप यांपैकी काहीही लावलं तर सगळी मेहनत मातीत जाते.

माणूस बोलवायला हवा तेव्हा

भिंत पोट काढत असेल, किंवा भेगेवर आखलेल्या तारखेच्या खुणा सरकत असतील, तर गिलाव्याचं काम थांबवून जुनी घरं जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरला आधी दाखवा. ओल्या भागात तुळयांची टोकं भिंतीत गेलेली असतील तर ती तपासा. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरते, आणि वरून धड दिसणारं टोक आत पोकळ असू शकतं.

काम झाल्यावर हे दिसलं तर

पृष्ठभागावर कापसासारखा पांढरा खार आला तर काळजी नको, कोरडा झाडा. पूर्ण भिंतीवर गिलावा पिठासारखा सुटत असेल तर तो फार लवकर सुकला होता. त्यावर चुन्याच्या निवळीचे हात थोडीफार मदत करतात, पण हाताने दाबून खचत असेल तर तेवढा भाग पुन्हा करावा लागेल. दमट दिवशीच डाग दिसत असतील तर ते हवेतलं पाणी ओढणाऱ्या क्षारांचे. तिथला गिलावा बदलताना पुन्हा सिमेंटकडे वळू नका. एकाच जागी ओल परत चढत असेल तर त्या भिंतीच्या बाहेर जा, त्याच रेषेत पन्हळ, नळ आणि जमिनीची पातळी पुन्हा तपासा, आणि ती जागा सापडेपर्यंत आतल्या गिलाव्याला हात लावू नका.